आमच्या विमानाचा पहिला हंगाम



हरभरा फुलात आलाय, सकाळी दव भरपूर पडतंय आणि नऊ वाजेपर्यंत शेतात पाय घालता येत नाही. त्यामुळे लिहायला वेळ सापडला. ड्रोनबद्दल बरेच जण विचारतायत. घ्यावा का, परवडतो का, किती एकर होतं. उत्तर द्यायचं टाळत होतो, कारण खरं उत्तर द्यायचं तर आबांच्या कपाशीची गोष्ट सांगावी लागते. आज ती सांगतोच.

गावात कुणी त्याला ड्रोन म्हणत नाही. लहान पोरं, म्हातारी माणसं, सगळे विमानच म्हणतात. "विमानवाला आला का?" असा फोन येतो. मला आधी हसू यायचं. पण प्रशिक्षणाला गेलो तेव्हा कळलं की सरकारच्या लेखीसुद्धा ते विमानाच्याच जातीचं आहे. मोठ्या विमानांचं जे खातं बघतं, त्याच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमात हे येतं. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २ किलोपासून २५ किलोपर्यंतचा ड्रोन लहान गटात धरतात आणि आमचा १० लिटर टाकीचा ड्रोन भरून उचलला तरी २५ च्या आतच बसतो. गाडीला पासिंगचा नंबर असतो तसा त्याला स्वतःचा ओळख क्रमांक. चालवणाऱ्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी किमान दहावी पास, वय १८ ते ६५, मुदत १० वर्षं. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. आपण तर पिकाच्या वर दोन मीटरवर उडतो, ४०० फुटांचं काय करायचं!

घेतला जूनमध्ये. बॅटऱ्या, चार्जर, जनरेटर धरून साडेसात लाखांपर्यंत गेलं. अवजार बँकेसाठी ४० टक्के, जास्तीत जास्त ४ लाख असं अनुदान आहे, पण ते नंतर येतं. आधी सगळे पैसे आपलेच. बाकी बँकेचं कर्ज.

घेण्यामागचं कारण मात्र पैशाचं नव्हतं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळकडे कपाशीवर फवारताना विषबाधेनं कितीतरी शेतकरी-मजूर गेले, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच हंगामात आमचा थोरला भाऊ पेट्रोल पंप पाठीला लावून डोक्याएवढ्या पऱ्हाटीत शिरला आणि तासाभरानं बांधावर येऊन आडवा झाला. डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या. तीन दिवस सरकारी दवाखान्यात होता. बरा झाला, पण तेव्हापासून आमच्या घरी पंप पाठीला लावायचा म्हटलं की आई उठून आत जाते. तेव्हा ठरवलं होतं की माणूस पिकाच्या आत नको, बाहेर पाहिजे. ते जमायला इतकी वर्षं गेली.

उडवणं शिकायला अवघड नाही. नकाशावर शेताचे कोपरे टाकायचे, पट्ट्याची रुंदी चार मीटर, वेग सेकंदाला चार मीटर, आणि बटण दाबलं की तो आपला जातो-येतो. एकराला सहा-सात मिनिटं. बघणाऱ्याला वाटतं, ह्यात काय आहे, पोरगं बसल्या जागी पैसे कमावतंय. खरं काम उडण्याच्या आधी आणि नंतर असतं, आणि ते कुणी बघत नाही.

सकाळी उड्डाणाआधी मी पात्याच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवतो. बारीक तडा डोळ्याला दिसत नाही, पण धागा बरोबर अडकतो. हातांचे लॉक एकेक ओढून बघायचे. मोटर बोटानं फिरवून कान द्यायचा. कळ गेलेल्या बेअरिंगची खरखर ज्यानं बैलगाडीचा आस ऐकलाय त्याला लगेच कळते. होकायंत्र जुळवताना ट्रॅक्टर, पत्र्याचं शेड, विहिरीचं लोखंडी कडं यांच्यापासून लांब जायचं. पहिल्याच आठवड्यात मी ट्रॉलीशेजारी उभा राहून ते जुळवलं आणि ड्रोन सरळ जायच्या ऐवजी तिरका वळसा घेत निघाला. छातीत धस्स झालं. हातानं उतरवला म्हणून वाचला.

नोझलचं तर दर पंधरा दिवसांनी माप घ्यायचं. चार नोझलखाली चार भांडी, एक मिनिट सोडायचं. माझ्या सेटिंगला प्रत्येकी ६०० मिलीच्या आसपास यायला पाहिजे. जुलैत एका भांड्यात ४८० निघालं. पाण्यात विरघळणारी पावडर नीट कालवली नव्हती, गाळणीत साका बसला होता. म्हणजे तोवर दर पट्ट्याच्या एका बाजूला औषध कमी पडत होतं आणि मला पत्ता नव्हता.

बॅटरीचं लहान बाळासारखं आहे. उतरली की गरम असते, गरम असताना चार्जिंगला लावायची नाही, सावलीत गार होऊ द्यायची. दोन-चार दिवस काम नसेल तर पूर्ण भरून ठेवायची नाही आणि रिकामीही नाही. एका सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची. फुगलेली दिसली की मोह सोडायचा. मला एक जोडी पन्नास हजारांच्या पुढे पडली, म्हणून प्रत्येकीची वही ठेवलीय. कधी भरली, किती मिनिटं चालली, कुठला सेल मागे पडतोय. घरचे म्हणतात, म्हशीच्या दुधाची वही कधी इतकी नीट ठेवली नाहीस!

एवढी सगळी काळजी घेत होतो. आणि टाकी धुण्यात चुकलो.

ऑगस्टचा दुसरा आठवडा. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकाठी एकांची आडसाली लागण होती. पावसामुळे मजूर आत जाईना, रुंद पानांचं तण उसाच्या वर चाललेलं. त्यांनी २,४-डी आणून ठेवलं होतं. सहा एकर, चांगलं काम. सकाळी वारा शांत बघून उरकलं. निघताना टाकीत दोन लिटर पाणी टाकलं, हलवलं, उसातच ओतून दिलं. पंप चालू करून ते पाणी नळ्यांतून, गाळणीतून, नोझलमधून सोडायला पाहिजे होतं. ढग भरून आले होते आणि जनरेटर गाडीत चढवायचा होता. वरून टाकी स्वच्छ दिसत होती, म्हणून पुढे गेलो.

दोन दिवसांनी आबांच्या कपाशीवर गेलो. आबा म्हणजे आमच्या शेजारच्या शिवारातले, नात्यानं लांबचे. दोन एकर कपाशी, घरचं सगळं त्यावरच. गावात ड्रोनवर कुणी विश्वास टाकत नव्हतं तेव्हा "माझ्या रानात फिरव, बघू काय करतंय तुझं विमान" म्हणणारे पहिले तेच. तुडतुडे आणि फुलकिडे वाढले होते, फ्लोनिकॅमिड एकरी ६० ग्रॅम घेतलं. पश्चिमेच्या बांधावरून उड्डाण केलं, त्या बांधाकडूनच पहिला पट्टा सुरू केला. एकराला एक टाकी, अशा दोन टाक्या. आबांनी चहा पाजला. तुडतुडे गेलेही चांगले.

दहाव्या दिवशी आबांचा फोन. "जरा येऊन जा बरं. पऱ्हाटीला काहीतरी झालंय."

लांबूनच दिसलं. शेंड्याची नवी पानं भेंडीच्या पानासारखी, बोटं फुटल्यासारखी चिरलेली, शिरा एकमेकींना चिकटून सरळ. ज्यानं एकदा पाहिलंय त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागत नाही. २,४-डी. जुनी पानं ठीक, नवी सगळी वाकडी, पाते गळायला लागलेले.

आबांचा बांधकरी तिथंच उभा होता. त्याची मका पश्चिमेच्या बांधाला लागून, आणि त्यानं त्याच सुमारास मक्यातल्या तणावर २,४-डी मारलं होतं. पाठीवरच्या पंपानं. नुकसान बरोबर त्याच्याच बाजूला. आबांनी त्याला फैलावर घेतलं होतं. "वारं बघायची अक्कल नाही का? माझ्या लेकरांच्या तोंडातला घास घालवला." तो गरीब माणूस शपथा घेत होता की वारा उलटा होता. दोघांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. आबा माझ्याकडे वळून म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग ह्याला."

मी म्हणलं, बघतो. आणि बांधाच्या कडेनं चालायला लागलो.

आता कृषी खात्यातले, दुकानदार, कंपन्यांचे लोकही इथं वाचतात म्हणून नीट सांगतो काय दिसलं. वाऱ्यानं उडून आलेलं तणनाशक असतं तेव्हा बांधालगत सगळ्यात जास्त नुकसान आणि आत जाल तसं हळूहळू कमी होतं, कडा धूसर असते. इथं तसं नव्हतं. बांधालगतचा चार मीटरचा पट्टा जोरात मारलेला, आणि तिथून दोरी लावून आखल्यासारखी रेघ. रेघेपलीकडे अख्ख्या पहिल्या एकरात शेंडा किंचित सुरकुतलेला, सारखाच, कमी-जास्त नाही. दुसऱ्या टाकीचा एकर संपूर्ण हिरवागार.

तरी मन मानत नव्हतं. मग लिंबाच्या झाडापाशी गेलो. बांधाच्या मध्यावर मोठा लिंब आहे. त्याच्या फांद्यांमुळे मी तिथं ड्रोन नेला नव्हता, नकाशातून तेवढा कोपरा काढून टाकला होता आणि तो भाग आबांनी नंतर त्यांच्या पाठीवरच्या पंपानं घरची टाकी भरून मारला होता. मक्याच्या सगळ्यात जवळ ती कपाशी. आणि तिला काहीही झालं नव्हतं. पान न् पान सरळ.

उड्डाण केलं होतं त्या जागेवर गेलो. पंपातली हवा काढायला तिथं जमिनीवर चार सेकंद फवारा सोडला होता. तेवढ्याच गोलातलं गाजरगवत पिळवटून वाळलेलं होतं. कीटकनाशकानं गाजरगवत वाळत नाही.

नळ्यांत, पंपात, गाळणीत जे साठून राहिलं होतं ते पहिल्या पट्ट्यावर गेलं. टाकीच्या तळाला जो ओलावा होता तो पहिल्या १० लिटरात मिसळून एकरभर पसरला. दुसऱ्या टाकीपर्यंत सगळं धुऊन निघालं होतं. आबांच्या कपाशीनंच माझ्या नळ्या धुतल्या म्हणायच्या.

पाठीवरच्या पंपात अशी चूक केली तर नुकसान होतंच, पण ड्रोनमध्ये ते कैक पटींनी का वाढतं तेही लक्षात घ्या. पंपानं आपण एकराला २०० लिटर पाणी वापरतो, ड्रोननं १०. औषध एकरी तेवढंच, म्हणजे द्रावण २० पट घट्ट. नळीत पाव लिटर राहिलं तर ते पंपातल्या पाच लिटरांच्या बरोबरीचं. आणि कपाशी २,४-डी ला इतकी नाजूक की तिला वास पुरतो.

एवढं सगळं मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं. पण मी बोललो नाही.

हे लिहायला जड जातंय. मी म्हणलं, "आबा, उद्या सांगतो, जरा विचारून बघतो." आणि घरी आलो. कर्जाचा पहिला हप्ता महिन्यावर होता. गावात ही गोष्ट पसरली तर विमान शेडमध्येच राहणार, हे दिसत होतं. आणि गप्प बसलो तर काहीच होणार नव्हतं. दोष घ्यायला मक्यावाला होताच, सगळ्यांना पटणारा. रात्री जेवण गेलं नाही. थोरल्या भावाला सांगितलं. तो काही बोलला नाही, फक्त विचारलं, "आबा त्याच्याशी बोलतेत का अजून?" मी म्हणलं, नाही. "मग सकाळी लवकर जा," म्हणाला.

सहाला गेलो. आबा गोठ्यात धार काढत होते. उभ्यानंच सांगितलं की चूक माझी आहे, टाकी नीट धुतली नव्हती, मक्यावाल्याचा काही दोष नाही. आबांनी धार थांबवली नाही. चरवी भरली, वासरू सोडलं, हात धुतले. मग म्हणाले, "चल, आधी त्याच्याकडं जाऊ."

त्याच्या घरी आम्ही दोघंही गेलो. तिथं काय बोलणं झालं ते आमच्या तिघांत राहू द्या.

उपाय काय केला हेही विचारतील. गूळ-ताक, हे टॉनिक ते टॉनिक, सगळे सल्ले मिळाले. कृषी विज्ञान केंद्रातल्या एका ओळखीच्या सरांना फोटो पाठवले. त्यांनी सरळ सांगितलं की यावर उतारा नाही, मार थोडा असेल तर झाड स्वतःच नवी फूट काढून सावरतं, पाणी आणि खत वेळेवर द्या, उगाच पैसे घालू नका. तसंच झालं. एकरभरातला किंचित सुरकुतलेला भाग तीन आठवड्यांत सरळ झाला. पहिला पट्टा आणि त्याला लागून वळणाच्या जागा, जिथं ड्रोन रेंगाळला होता, असे सगळे मिळून सहा-सात गुंठे मात्र बसले. तिथं बोंडं उशिरा लागली आणि निम्म्यानंही नाही. विम्याचंही विचारलं. तो काढावाच लागतो, पण माझ्या पॉलिसीत ड्रोन पडून कुणाला लागलं तर, असं आहे. टाकी न धुतल्याचं त्यात नाही.

दोन वेचण्या झाल्यावर मी आबांना म्हणलं, तो पट्टा आणि तेवढाच चांगला पट्टा वेगवेगळा वेचून मोजू. साठ किलोंच्या आसपास फरक निघाला. भावानं साडेचार हजारांच्या आत. फवारणीचे पैसे मी घेतलेच नव्हते. आबांनी तीन हजार घेतले आणि बाकीचे "तुझ्याकडंच राहू दे, विमानात फेडून घेईन" म्हणाले.

ह्या सगळ्यात टाकी धुण्याचा प्रयोग मात्र चांगला झाला, तो सांगतो. त्याच सरांनी सुचवलं होतं. टोमॅटोची रोपं २,४-डी ला कपाशीसारखीच नाजूक असतात, म्हणून दोन कुंड्यांत रोपं लावली. टाकी, नळ्या, पंप सगळ्यातून साधं पाणी तीनदा पूर्ण दाबानं सोडलं, गाळणी-नोझल काढून घासले, आणि तिसऱ्यांदाचं पाणी एका रोपावर मारलं. दुसऱ्या दिवशी शेंडा वाकडा. तीनदा धुऊनसुद्धा. मग धुण्याचा सोडा आणि डिटर्जंटचं पाणी भरून पंप चालवून नळ्यांत रात्रभर ठेवलं, सकाळी सोडून परत दोनदा साधं पाणी. ते पाणी दुसऱ्या रोपावर मारलं. आठ दिवस वाट बघितली, काही झालं नाही. धुतलेलं पाणी विहिरीजवळ, कालव्यात, ओढ्यात सोडायचं नाही. ज्या पिकावर तेच औषध मारलंय तिथंच पसरायचं.

तरी मी ठरवलंय की ह्या ड्रोनमधून तणनाशक मारायचंच नाही. रात्रभर भिजवून सोडा घालून रोज धुणारा माणूस हंगामाच्या धावपळीत मी राहीन, असा माझाच मला भरवसा नाही. ऊसवाल्यांची कामं त्यामुळे हातची जातात. सप्टेंबरमध्ये वीस एकरांचं एक काम सोडलं, हप्त्याला घरातली सोसायटीची रक्कम मोडावी लागली. काही जण म्हणतात वेगळी टाकी घे. टाकी वेगळी मिळते, पण पंप आणि नळ्या त्याच राहतात ना. वेगळा संपूर्ण सेट जमला तर बघू, आत्ता नाही.

घ्यावा का, ह्याचं माझं उत्तर असं. या हंगामात दोनशे एकरांच्या पुढे झालं. एकाही माणसाला औषध लागलं नाही. हप्ते ओढाताणीनं का होईना निघतायत. पण जो रोज संध्याकाळी पाऊण तास धुण्या-पुसण्याला देऊ शकत नाही त्यानं भाड्यानं बोलवावा आणि बोलवताना विमानवाल्याला आधी विचारावं, की काल काय मारलं होतं? माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता वही दाखवतो. तारीख, शेत, औषध, धुतलं की नाही, कुणासमोर धुतलं.

उद्या आबांच्या हरभऱ्यावर घाटेअळीची फवारणी आहे. दव उतरलं की नऊ-साडेनऊला. थंडीत बॅटरीचा दाब लवकर पडतो म्हणून गोधडीत गुंडाळून नेतो. आबांचा निरोप आलाय की आठलाच ये, नळ्या सोडताना मी उभा राहणार आहे. मक्यावाल्यालाही बोलावलंय म्हणे, चहाला.